होडीवरून ड्रोन उडवायचा आणि परत होडीवरच घ्यायचा, कुणी केलंय का? (पंचगंगा-कृष्णा, होड्यांच्या शर्यती)

घाटाची_पायरी

मंडळी, राम राम. एक काम अंगावर घेतलंय आणि ते नीट विचारूनच करायचंय म्हणून धागा काढतोय. कुरुंदवाड-नृसिंहवाडी बाजूला पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती असतात ते तुम्हाला माहितीच आहे. मित्राच्या मंडळाला यंदा वरून शूटिंग पाहिजे, पैसे घ्यायचे नाहीत, गावचं काम आहे. माझ्याकडं डीजेआय मिनी 3 आहे, जमिनीवरून उडवायची चांगली सवय आहे, लग्नं, वारी, शेतातली कामं सगळं केलंय. पण पाण्यावरून कधी नाही.

काठावरून उडवलं तर अडचण अशी की नदी वळते, दोन्ही अंगाला झाडी आणि ऊस, त्यामुळं होड्या वळणाआड गेल्या की सिग्नलही जातो आणि ड्रोन डोळ्यालाही दिसत नाही. म्हणून पंचांच्या इंजिनच्या बोटीत बसून शर्यतीच्या मागं मागं जायचं असं डोक्यात आहे. उडवणं जमेल असं वाटतंय, काळजी परत घेण्याची आहे. बोटीवर उतरवायचं की हातात धरायचं? आणि मध्येच सिग्नल गेला तर ते येणार कुठं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, कितीही लांब लिहिलं तरी वाचतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

भावा पहिली गोष्ट, कंपनीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हलत्या बोटीवरून, गाडीवरून टेकऑफ करू नका. लोक करतात हे खरं पण आपण कंपनीच्या सल्ल्याबाहेर जाऊन करतोय एवढं डोक्यात असू दे, नुकसान झालं तर वॉरंटीबिरंटी विसरायची.

किनारा_मालवण

मी मूळचा कोल्हापूरचाच, कामानिमित्त मालवणात असतो, इथं बोटीवरून ड्रोन नेहमीच उडवावा लागतो म्हणून लिहितो.

सगळ्या भानगडीचं मूळ एकच आहे, ते आधी समजून घे म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ड्रोन जीपीएसवर एका जागी थांबतो म्हणजे तो जमिनीच्या हिशोबानं थांबतो, बोटीच्या नाही. बोट वाहत राहते. टेकऑफ केलास की त्या जागेचा होम पॉइंट पक्का होतो आणि पाच मिनिटांनी तीच जागा म्हणजे नुसतं पाणी असतं. रिटर्न टू होमचं बटण दाबलंस, किंवा बॅटरी कमी झाली म्हणून तो स्वतःहून परत निघाला, तर तो प्रामाणिकपणे त्या पाण्यावर जाणार आणि खाली उतरायला लागणार. त्याची काही चूक नाही, त्याला तू सांगितलेलं घर तेच.

म्हणून बोटीवर आपोआप होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विसंबायचं नाही. ॲपमध्ये सेफ्टीत जाऊन होम पॉइंट अपडेट करता येतो, रिमोट जिथं आहे तिथं आणता येतो, पण बोट चालतेय तोवर तो परत शिळा होत राहतो, दर दोन-चार मिनिटांनी करत बसावं लागतं. शूटिंग करताना ते राहतंच.

टेकऑफ शक्यतो हातातून. बोटीच्या फळीवर ठेवून सुरू केलास तर चालू होताना ड्रोनला स्थिर राहायला लागतं आणि बोट डुलत असते, मग तो आतले सेन्सर नीट बसवत नाही, एरर देतो. दुसऱ्या माणसानं दोन्ही हातांनी पोटाखालून धरायचा, शरीरापासून लांब, डोक्याच्या वर, आणि बोटीचं डुलणं कोपरानं जिरवायचं. उपग्रह पुरेसे मिळाले, होम पॉइंट रेकॉर्ड झाला असं बोलला की मगच स्टिक. आणि हळू नाही, सरळ दोन-तीन मीटर एका दमात वर. कारण तो उठल्या क्षणी आहे तिथं थांबतो आणि बोट पुढं सरकते, म्हणजे तो मागच्या माणसांच्या डोक्यावर नाहीतर बोटीच्या छतावर येतो. इंजिन न्यूट्रलला पाहिजेच.

वाडीचा_नावाडी

आमचं घराणंच नावेवरचं. ड्रोनमधलं मला कळत न्हाई पर नदीतलं सांगतो. पंचांची बोट लोखंडी पत्र्याची असंल तर तुमच्या मशिनला काय होतंय का बगा, कारण मागं एक फोटोवाला आलता, त्याचं मशीन पत्र्यावर ठेवलं की कंपास कंपास म्हणून वरडत हुतं. लाकडी नावंत घेतलं तर गप बसलं.

किनारा_मालवण

@वाडीचा_नावाडी एकदम बरोबर निरीक्षण. लोखंडी बोट, इंजिन, बॅटरी, स्पीकर, हे सगळं कंपासला त्रास देतं. अशा वेळी ॲप म्हणतं कॅलिब्रेट करा आणि माणसं बोटीवरच गोल गोल फिरवून कॅलिब्रेट करतात. ते अजिबात करू नका. लोखंडाशेजारी केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे खोटी दिशा खरी म्हणून शिकवणं, वर गेल्यावर तो गोल गोल फिरत सुटतो. कॅलिब्रेशन काठावर मोकळ्या रानात, मोबाईल आणि किल्ल्या खिशातून काढून. बोटीवर वॉर्निंग आली तर ड्रोन हातात उंच धरून पत्र्यापासून लांब न्यायचा, बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर त्या बोटीवरून उडवायचं नाही.

भोगावतीकाठ

आमच्याकडं अजून काही ठिकाणी नदीपलीकडं जायला काहिल वापरतात, गूळ करायची मोठी कढई. त्यात बसून ड्रोन उडवतो म्हणणारा एक मित्र आहे, त्याला हे दाखवतो. पूर्ण लोखंडाच्या भांड्यात बसल्यासारखंच की ते, वर ते जागच्या जागी गोल फिरतं.

घाटाची_पायरी

हे सोनं आहे सगळं. @वाडीचा_नावाडी बोट कुठली मिळते ते विचारतो, लाकडी मिळाली तर तीच घेऊ. आता परत घेण्याचं सांगा.

इचल_क्लिक

मी लग्नाची, प्री-वेडिंगची शूट करते, तळ्यात आणि नदीत नावेतून बऱ्याचदा. परत घेणं हे सगळं काम दोन माणसांचं आहे, उडवणारा आणि धरणारा. एकट्यानं एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातानं ड्रोन हे जमिनीवर ठीक आहे, बोटीत नको. धरणारा कोण ते टेकऑफच्या आधी ठरलेलं पाहिजे आणि त्यानं जमिनीवर सराव केलेला पाहिजे.

माझी पद्धत सांगते. नावाड्याला सांगायचं इंजिन न्यूट्रल, बोटीचं तोंड वाऱ्याकडं. धरणारा मागच्या मोकळ्या बाजूला, उभा नाही, गुडघ्यावर बसलेला, लाईफ जॅकेट घातलेला, हातात चामडी हातमोजे (वेल्डिंगच्या दुकानात मिळतात) आणि डोळ्यावर साधा पांढरा गॉगल. मोकळे केस, ओढणी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा असलं काही नाही. ड्रोन वारा वाहतोय त्या बाजूनं, म्हणजे बोटीच्या मागून, वाऱ्याच्या विरुद्ध बोटीकडं आणायचा. यामुळं काही चुकलं तर वारा त्याला बोटीपासून लांब ढकलतो, माणसांवर नाही. ड्रोनची शेपटी आपल्याकडं ठेवायची म्हणजे डावं ते डावं आणि उजवं ते उजवं राहतं, ऐनवेळी डोकं फिरवावं लागत नाही. सिने मोड लावायचा, स्टिकला थोडा धक्का लागला तरी उडी मारत नाही.

बोटीच्या काठापासून दोनेक मीटर बाहेर, धरणाऱ्याच्या डोक्यापेक्षा जरा वर आणून थांबवायचा. तिथं थांबायचंच, लगेच घ्यायचं नाही. बोट कशी सरकतेय, दुसऱ्या बोटीची लाट येतेय का ते बघायचं. मग हळूहळू आत. धरणाऱ्यानं झडप घालायची नाही, हात वर करून वाट बघायची, ड्रोन हाताशी आला की खालून पोटाला धरायचं. आणि धरल्यावर मोठ्यानं "धरला" म्हणायचं. तो शब्द ऐकल्यावरच उडवणाऱ्यानं डावी स्टिक पूर्ण खाली ओढून धरायची, पंखे बंद होईपर्यंत सोडायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धरल्यावर ड्रोन सपाट ठेवायचा. हातात आला म्हणून लोक लगेच जवळ ओढतात, तिरका करतात. तिरका झाला की त्याला वाटतं आपण कलतोय आणि तो सरळ व्हायला पूर्ण जोर लावतो, हातात असा काही वळवळतो की माणूस घाबरून सोडतो नाहीतर बोटं पंख्यात जातात. दोन-तीन सेकंद मनगट घट्ट, हात सरळ वर, चेहरा बाजूला. पंखे थांबले की मग खाली.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

खालच्या सेन्सरचं काय करता? मी हात खाली नेला की माझा वर पळतो.

इचल_क्लिक

हो, खाली काहीतरी आलं असं समजून वर उठतो. स्टिक खाली धरून ठेवली की जरा अडखळतो आणि मग उतरण्याच्या मोडला जातो, तेव्हा धरायचं. ज्या ड्रोनला चारी बाजूंनी सेन्सर आहेत त्यांचं अडथळा टाळायचं सेटिंग बोटीजवळ आणण्याआधी बंद करावं लागतं, नाहीतर तो माणसांना बघून जवळच येत नाही. मिनी 3 ला फक्त खालचेच आहेत त्यामुळं तुला सोपं.

किनारा_मालवण

सेन्सरचाच विषय निघालाय तर पाण्यावर खालचा कॅमेरा फसतो हेही लक्षात ठेव. तो खालच्या जमिनीवरच्या खुणा बघून जागा धरतो आणि पाण्यावर खुणा हलत असतात, वर आकाशाचं प्रतिबिंब. त्यामुळं पाण्याला चिकटून उडवलास तर तो पाण्याबरोबर वाहायला लागतो किंवा उंची चुकवतो. सुरुवातीला तरी दहा मीटरच्या वरच राहा. वल्ह्यांच्या अगदी शेजारून पाणी उडतंय असा शॉट सगळ्यांनाच पाहिजे असतो, तो जरा वरून झूम लावून घे. शर्यतीतल्या माणसांच्या डोक्यावरून तर नकोच, बाजूनं राहा. तसं बघायला गेलं तर बाजूनं तिरका शॉटच चांगला दिसतो, सगळी वल्ही एकदम पडताना कळतात, सरळ वरून नुसत्या काड्या दिसतात.

पेठेतला

मी एक वेगळं सुचवतो. समुद्रात ठीक आहे, तिथं जमीनच नसते. पण आपल्या नदीत काठ हाकेच्या अंतरावर आहे. मग टेकऑफ काठावरूनच का करत नाहीस? शर्यतीच्या मधोमध पडेल असं एखादं मोकळं रान बघ, तिथून उडव, होम पॉइंट तिथं जमिनीवर पक्का होईल. म्हणजे सरळ असं की तू आधीच बोटीत बसलेला, बोट काठाला लागलेली, जोडीदार रानात ड्रोन हातात धरून उभा. तू बोटीतूनच स्टिक मारलीस तरी होम पॉइंट त्या रानाचाच होतो, कारण तो ड्रोन जिथून उठतो तिथला धरतो. पुढं बोट निघाली तरी होम पॉइंटला हात लावायचा नाही. सिग्नल गेला, बॅटरी संपत आली, काहीही झालं तरी ते जमिनीवर येणार आणि तिथं एक माणूस उभा असणार. सगळं नीट चाललं तर बोटीवर हातात घे, हौस असेल तर.

किनारा_मालवण

@पेठेतला हे शंभर टक्के पटलं. नदीत हेच करावं. सिग्नल लॉस्टच्या सेटिंगवर आमच्यात नेहमी वाद होतो, समुद्रात मी हॉवर ठेवतो कारण परत येण्याची जागाच पाण्यात असते, त्यापेक्षा तो आहे तिथं थांबू दे, मी बोट घेऊन त्याच्याकडं जातो, सिग्नल परत येतो. पण हॉवरचा धोका असा की बॅटरी अगदी तळाला गेली की तो असेल तिथं उतरायला लागतो आणि ते उतरणं रद्द होत नाही, वरची स्टिक धरून फार तर लांबवता येतं. काठावर होम पॉइंट असेल तर रिटर्न टू होमच ठेव.

फक्त परत येण्याची उंची आधी बघून लाव.

भोगावतीकाठ

उंचीवरून आठवलं, नदीकाठ म्हणजे मोटरपंपाच्या तारा. प्रत्येक जॅकवेलला लाईन गेलेली असते आणि काही ठिकाणी नदीच्या आरपार मोठी लाईन पण आहे. तारा मोबाईलच्या स्क्रीनवर दिसत नाहीत. आदल्या दिवशी बोटीतून एक चक्कर मारून कुठं तारा आहेत ते बघून ठेव, आणि सगळ्यात उंच झाड किंवा टॉवर असेल त्याच्यावर चांगलं पंधरा-वीस मीटर ठेवून उंची लाव.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

घारी पण. रंकाळ्यावर माझ्या अंगावर दोन एकदम आल्या. घार आली की पळायचं नाही, सरळ वर जायचं फुल्ल, तिला तेवढं सरळ वर पटकन येता येत नाही.

मिरजकर_इलेक्ट्रॉनिक्स

ड्रोन दुरुस्तीचं काम करतो म्हणून पाण्यात पडल्यावरचं सांगतो, कारण लोक तिथं अजून नुकसान करून घेतात.

ड्रोन बाहेर काढला की पहिली बॅटरी काढा. चालू होतोय का बघायला बटण दाबू नका, कितीही मोह झाला तरी. पुराच्या पाण्यात गाळ असतो तो आत सुकला की बोर्डावर चिकटतो, म्हणून स्वच्छ पाण्यानं, मिळालं तर डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन काढा आणि मग सुकवा. तांदळात पुरून काही होत नाही, पीठ तेवढं मोटरीत जातं. दुरुस्तीवाल्याकडं लवकर न्या, बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करावा लागतो. बॅटरी मात्र परत वापरायची नाही. लिथियमची बॅटरी आत पाणी गेल्यावर दिवसांनी पण पेट घेऊ शकते. घरात, गाडीत ठेवू नका, चार्जला तर लावूच नका. समुद्राच्या पाण्यापेक्षा नदीचं पाणी बरं, मीठ नसतं, गोड्या पाण्यातले ड्रोन वाचलेले बघितलेत.

घाटाची_पायरी

फ्लोट मिळतात ना ऑनलाइन, फोमचे, ते लावू का? आणि कोणी म्हणालं की पायाला मासेमारीची दोरी आणि बूच बांध म्हणजे बुडला तरी सापडतो.

इचल_क्लिक

दोरी नको रे. ती वाऱ्यानं वर येते आणि पंख्यात गुंतते. जी गोष्ट पडल्यावर उपयोगी पडावी तीच त्याला पाडते.

पेठेतला

फ्लोटचं एक बघ. मिनी 3 चं वजन 249 ग्रॅमच्या आत आहे म्हणून तो नॅनोमध्ये बसतो. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंत मायक्रो. फोम लावलास की तू 250 च्या वर गेलास, वर्ग बदलला. नॅनोला आणि बिगर व्यावसायिक मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण उद्या त्याच फ्लोटवाल्या ड्रोननं पैसे घेऊन काम केलंस तर लागतं. शिवाय फोमला वारा धरतो, बॅटरी लवकर संपते.

ड्रोनच्या सरकारी नकाशावर झोन पण बघ. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत. उजळाईवाडीच्या विमानतळामुळं कोल्हापूर शहराच्या आसपास वेगळं आहे, विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटर यलो, म्हणजे परवानगी लागते, आणि 8 ते 12 मध्ये 200 फुटांवर गेलास की यलो. सराव करायला रंकाळ्यावर जाणार असशील तर आधी नकाशा उघड. राधानगरीला नको, तिथं अभयारण्य आणि धरण दोन्ही. कुरुंदवाड लांब आहे, पण शर्यतीला गर्दी आणि पोलीस बंदोबस्त असतो, मंडळाच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेव. कधी कधी तात्पुरते बंदीचे आदेश पण निघालेले असतात.

वाडीचा_नावाडी

आता माझं ऐका. पावसाळ्यात वरून धरणाचं पाणी सुटलं की दोन तासात नदी बदलती. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा 39 फूट म्हंजे इशारा आणि 43 म्हंजे धोका, ते आकडे रोज सकाळी येत्यात, बगूनच निघायचं. पाणी चढतं असलं तर शर्यतीच हुत न्हाईत, पर सरावाला म्हणून पोरं जात्यात, तसं करू नका.

नावंत तुमी दोघं आणि नावाडी, बास. चौथा बघ्या घेऊ नका. सगळी एका बाजूला वाकली ड्रोन बगायला की नाव कलती. मशीन पाण्यात गेलं तर जाऊ द्या. त्याच्यामागं उडी मारायची न्हाई, पोहायला येत असलं तरी न्हाई, चढत्या पाण्यात खाली वढ असती ती वरनं दिसत न्हाई. आमी गळ टाकून काढू उन्हाळ्यात.

आणि नावाड्याला आधी समजावून सांगा तुमी काय करणार ते. आमाला ठाऊक नसलं तर आमी आपलं इंजिन चालू ठेवतो.

इचल_क्लिक

दादांचं शेवटचं वाक्य फार कामाचं. मी खुणा ठरवते नावाड्याबरोबर, हात वर म्हणजे इंजिन न्यूट्रल, मूठ म्हणजे आहे तिथं राहा. वर पंख्यांचा आवाज, काठावर हलगी, ओरडून काही ऐकू जात नाही.

किनारा_मालवण

बॅटरीचं कुणी लिहिलं नाही. जमिनीवर 20-25 टक्क्यांला परत आणतोस ना, बोटीवर 40 ला निघ. हातात धरायला पहिल्यांदा जमलं नाही तर परत बाहेर नेऊन, थांबवून, पुन्हा आणायला वेळ शिल्लक पाहिजे. घाईत धरलेल्या ड्रोननंच हात कापतात. वाऱ्याला मिनी 3 ची कंपनीची मर्यादा 10.7 मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ताशी साधारण 38 किलोमीटर, पण हातात धरायचं असेल तर त्याच्या निम्म्यावरच थांबावं असं माझं मत. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा पाठीशी राहील. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, त्या हिशोबानं रान निवड.

घाटाची_पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: लाकडी नाव, तिघंच जण, टेकऑफ मधल्या मोकळ्या रानातून @पेठेतला म्हणतात तसा आणि होम पॉइंट तिथलाच. रानात एक भाऊ उभा राहील फोन घेऊन. धरणारा माझा जोडीदार, त्याच्याबरोबर या रविवारपासून माळावर सराव, आधी जमिनीवर बसून, मग चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अगदी हळू, म्हणजे खाली हलतं असताना धरायची सवय होईल. फ्लोट नाही, दोरी नाही. एकच राहिलं, शर्यतीच्या आधी नदीवर एकदा सराव करायचा झाला तर कुठल्या वेळेला?

वाडीचा_नावाडी

सकाळी लवकर. वारा पडलेला असतो, घाटावर गर्दी कमी. उन्हं वर आली की वारा सुटतो. वाडीत आला की घाटावर कुणालाही इचारा, माझी नाव लाकडीच हाय.